दोन विमानतळांमधील अंतर : मैलांचें कीं तासांचें?

रे रोडचें स्टेशन ओलांडून पूर्वेकडे गेलें कीं थोड्याच अवकाशांत बंदरें लागतात. लकडी बंदर, पावडर बंदर, दारुखाना हीं नांवेंच आपला इतिहास सांगतात. कोठें लाकूड उतरे, कोठें तोफांची दारू सांठविली जाई. आणि त्याच दारुखान्यांत पुढें जुनीं जहाजें मोडण्याचा धंदा वाढला. ज्या लॉर्ड रे यांचें नांव या भागास मिळालें ते १८८५ ते १८९० पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते, व ते येथें आले ते अर्थातच बोटीनें. विलायत किती दूर, असें त्या काळीं कोणी विचारलें तर जाणता मनुष्य मैलांचा आंकडा सांगत नसे. इतक्या आठवड्यांची वाट, असें सांगे. अंतर मोजण्याची ही रीत अडाणीपणाची खास नव्हती. प्रवास करणाऱ्याला शिदोरी बांधावयाची असते ती दिवसांच्या हिशेबानें, मैलांच्या हिशेबानें नव्हे.

आज त्याच वस्तींतील एखाद्या घरचा मुलगा खिशांतील यंत्रास प्रश्न घालतो आणि क्षणांत उत्तर मिळवितो : मुंबई ते लंडन ७,२०० किलोमीटर, प्रवास दहा तास, मुंबई ते दिल्ली १,१४० किलोमीटर, प्रवास सव्वा दोन तास. उत्तरें चुकीचीं नाहींत. परंतु मुलगा जर गणितांत बरा असेल तर तो सहज भागाकार करून पाहील, आणि मग त्याला कोडें पडेल. लंडनच्या विमानाचा वेग ताशीं ७२० किलोमीटर येतो, दिल्लीच्या विमानाचा ताशीं ५०० च्या थोडा वर. आणि पुस्तकांत तर लिहिलेलें असतें कीं जेट विमान आकाशांत ताशीं ८०० ते ९०० किलोमीटर जातें! मग उरलेला वेग गेला कोठें? विमान वाटेंत रेंगाळतें कीं काय? या कोड्याचा उलगडा करूं गेल्यास विमानविद्येंतील पुष्कळशी माहिती आपोआप हातीं येते.

प्रथम अंतराचाच विचार करूं. अंतर म्हणजे काय, हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाहीं. विमानें आकाशांत उडत असलीं तरी त्यांचें मोजमाप अद्यापि समुद्रावरचें आहे. वैमानिक किलोमीटर वापरीत नाहीं, आणि आपल्या आजोबांच्या वेळचा ५,२८० फुटांचा मैलही वापरीत नाहीं. तो सागरी मैल वापरतो. पृथ्वीच्या गोलावर उत्तर-दक्षिण एक अंश गेल्यास साठ मिनिटें होतात, आणि त्यांतील एका मिनिटाचें अंतर तो एक सागरी मैल. किलोमीटरांत सांगावयाचें तर १.८५२. वेगाचें मापही गलबतावरचेंच. दोरीला ठराविक अंतरावर गांठी मारून ती गलबताच्या मागें पाण्यांत सोडीत, आणि वाळूचें घड्याळ रिकामें होईपर्यंत किती गांठी हातांतून गेल्या तें मोजीत. त्या गांठींना इंग्रजींत 'नॉट' म्हणतात, आणि आजचें अत्यंत आधुनिक विमानही आपला वेग नॉटांतच सांगतें. लकडी बंदराच्या एखाद्या जुन्या तांडेलाला ही भाषा कळली असती!

या मापाची मौज अशी कीं त्याच्या साहाय्यानें शाळेंतील नकाशावरून कोणालाही घरबसल्या अंतर काढतां येतें. मुंबईचा विमानतळ उत्तर अक्षांश १९ अंश ५ मिनिटांवर आहे, दिल्लीचा २८ अंश ३४ मिनिटांवर. वजाबाकी ९ अंश २९ मिनिटें, म्हणजे ५६९ मिनिटें, म्हणजेच ५६९ सागरी मैल. हें झालें उत्तरेकडील जाणें. आतां दिल्ली थोडी पूर्वेसही आहे. रेखांशांतील फरक ४ अंश १४ मिनिटें, म्हणजे २५४ मिनिटें. परंतु रेखांश विषुववृत्तापासून दूर जातांना एकमेकांजवळ येत जातात, हें विसरून चालणार नाहीं. मुंबई व दिल्ली यांच्या मध्यावर, चोविसाव्या अक्षांशाच्या सुमारास, रेखांशाचें एक मिनिट सागरी मैलाच्या शंभरांपैकीं एक्क्याण्णव हिश्शांइतकेंच भरतें. म्हणून २५४ चे उरतात सुमारें २३२. आतां काटकोन त्रिकोणाचा सुप्रसिद्ध सिद्धांत लावावा : ५६९ चा वर्ग, अधिक २३२ चा वर्ग, आणि बेरजेचें वर्गमूळ. उत्तर येतें ६१४ सागरी मैल, म्हणजे १,१३८ किलोमीटर. मोठमोठ्या कचेऱ्यांतील गणकयंत्रें जें उत्तर देतात त्याच्याशीं हें अगदीं जुळतें.

मापांचा घोळ किती महाग पडतो याचें एक उदाहरण येथें देणें अवश्य आहे. कानडा देशांत १९८३ सालापर्यंत पौंड जाऊन किलो येऊं लागले होते. त्या वर्षीं जुलैच्या २३ तारखेस एअर कॅनडाचें एक नवें बोइंग विमान माँट्रियलहून ओटावामार्गें एडमंटनकडे निघालें. त्याला २२,३०० किलो इंधन लागणार होतें. हिशेब करणारांनीं जुन्या संवयीनें पौंडांचा गुणक वापरला, व टांक्यांत निम्म्याहून कमी इंधन पडलें. वाटेंत आकाशांतच दोन्ही एंजिनें बंद झालीं. वैमानिक पूर्वीं बिनएंजिनाचीं विमानें चालविण्यांत पटाईत होता म्हणून त्यानें तें अवजड विमान घारीसारखें तरंगवीत गिम्ली या गांवच्या एका बंद पडलेल्या धांवपट्टीवर उतरविलें, व सर्व माणसें वांचलीं. तेव्हां मुलांना परिमाणांचीं कोष्टकें रुक्ष वाटत असतील तर त्यांस ही हकीकत अवश्य सांगावी.

लांबच्या प्रवासास मात्र वरची त्रिकोणाची युक्ति चालत नाहीं, कारण पृथ्वी गोल आहे व कागद सपाट आहे. मुंबईपासून लंडनपर्यंत भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती इराणचें आखात, इराक, तुर्कस्तान अशी जाते. तोच प्रयोग शाळेंतील पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून केला तर दोरा बराच उत्तरेस सरकतो. तो सौराष्ट्र व कच्छ यांवरून सिंध-बलुचिस्तानांत शिरतो, इराणची पूर्व बाजू व कास्पियन समुद्र ओलांडतो, क्रिमिया व युक्रेन यांवरून पोलंड-जर्मनीस जातो, व मग लंडनला पोंचतो. हा दोरा म्हणजेच सर्वांत जवळची वाट. तिची लांबी सुमारें ३,८९० सागरी मैल, म्हणजेच ते ७,२०० किलोमीटर. सपाट नकाशावर हीच वाट वांकडी दिसते, आणि सरळ दिसणारी वाट वस्तुतः लांबची असते.

परंतु दोऱ्याला राजकारण ठाऊक नसतें. आकाशालाही सरहद्दी आहेत, व प्रत्येक देश आपल्या आकाशाचा मालक आहे. २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर स्वारी केली त्या दिवसापासून युक्रेनचें आकाश प्रवासी विमानांस बंद झालें. २०२५ च्या एप्रिलांत पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानानें भारतीय विमानांस आपलें आकाश बंद केलें, भारतानेंही उलट तसेंच केलें, व पुढें ही बंदी महिन्या-महिन्यानें वाढविली गेली. दोऱ्याच्या वाटेवरील सिंध-बलुचिस्तान व युक्रेन हे दोन्ही तुकडे असे गळाले. २०१९ मध्यें बालाकोटच्या प्रसंगानंतरही पाकिस्तानचें आकाश कित्येक महिने बंद होतेंच. अशा वेळीं भारतीय विमानास मुंबईहून निघून अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागतो. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारांचा वळसा तर याहून मोठा, कारण त्यांना आधीं दक्षिणेकडे यावें लागतें. यंत्रांत सांपडणारें ७,२०० किलोमीटरांचें अंतर हें दोऱ्याचें अंतर आहे, विमानाचें नव्हे. कोड्याचा एक भाग येथें सुटला.

वळसा ही गोष्ट नवी मात्र नाहीं. पूर्वीं वळसा पडे तो इंधनासाठीं. १९३२ सालच्या ऑक्टोबरच्या १५ तारखेस जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन जुहूस विमान आणलें, ती या देशांतील नियमित हवाई टपालाची सुरवात म्हणून प्रसिद्धच आहे. कराचीपर्यंत तें टपाल विलायतेहून इंपीरियल एअरवेजच्या विमानानें येत असे. टाटांचें विमान 'पस मॉथ' नांवाचें, एका एंजिनाचें, आणि टपालाचें ओझें अवघें ५५ पौंड. कराची ते मुंबई सरळ रेघेनें सुमारें ८७५ किलोमीटर. परंतु अहमदाबादेस उतरून पेट्रोल घ्यावयाचें असल्यामुळें वाट १,०३५ किलोमीटरांची झाली. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडींतून! सकाळीं ६ वाजून ३५ मिनिटांनीं निघालेलें हें विमान दुपारीं १ वाजून ५० मिनिटांनीं जुहूच्या मैदानावर टेंकलें. सव्वासात तास. भागाकार केला तर ताशीं १४३ किलोमीटर पडतात, विमानाची धांव मात्र ताशीं १६० ची होती. मधला फरक अहमदाबादच्या मुक्कामाचा. म्हणजे आजच्या मुलाला पडणारें कोडें त्या दिवशींही होतेंच. तेंच टपाल पुढें नेव्हिल व्हिन्ट्सेंट यांनीं बेल्लारीमार्गें मद्रासेस नेलें. जुहूचें मैदान पावसाळ्यांत चिखलपाण्यानें भरून जाई, म्हणून त्या दिवसांत विमानांस पुण्याचा आश्रय घ्यावा लागे. पन्नास वर्षांनीं, १९८२ सालीं त्याच तारखेस, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे टाटा पुन्हां एका लहान विमानांतून कराचीहून मुंबईस एकटे आले, हें धैर्य खरोखर कौतुकास पात्र आहे.

१९४८ सालच्या जूनच्या ८ तारखेस एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान पस्तीस उतारू घेऊन मुंबईहून लंडनला निघालें. तें कैरो व जिनिव्हा या दोन ठिकाणीं उतरून गेलें. या तीन टप्प्यांची बेरीज सुमारें ७,९०० किलोमीटर होते, म्हणजे दोऱ्याच्या वाटेहून फार तर सातशें किलोमीटर अधिक. वेळ वाढे तो वळशानें फारसा नव्हे, उतरण्या-चढण्यानें व पंख्याच्या एंजिनांच्या मंद चालीनें.

आतां वेळेकडे वळूं. दिल्लीच्या प्रवासांत वळसा जवळजवळ नाहीं, तरी ताशीं ५०० चाच वेग कां? १,१३८ किलोमीटर ताशीं ८३० च्या वेगानें गेल्यास एक तास बावीस मिनिटें पुरे होत. वेळापत्रकांत सव्वा दोन तास असतात. मधल्या त्रेपन्न मिनिटांचा हिशेब असा. विमानाचा प्रवास-काल हा उड्डाणापासून मोजीत नाहींत; उभ्या विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे काढल्यापासून, पोंचल्यावर पुन्हां ठोकळे लावीपर्यंत मोजतात. म्हणून धांवपट्टीपर्यंत सरपटत जाणें, तेथें पाळी येईतों थांबणें, उतरल्यावर पुन्हां आपल्या जागीं येणें हें सर्व त्यांत धरलेलें असतें. शिवाय चढतांना व उतरतांना वेग कमी ठेवावा लागतो. दहा हजार फुटांखालीं साधारणपणें २५० नॉट, म्हणजे ताशीं ४६३ किलोमीटर, ही मर्यादा पाळतात. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळास धांवपट्ट्या दोन आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींस छेदून जातात, त्यामुळें एका वेळीं एकच कामास येते. परिणामीं उतरणारीं विमानें शहराजवळ आकाशांत घिरट्या घालीत राहतात. दूरच्या प्रवासांत ही पाऊण-एक तासाची भर दहा तासांत विरून जाते. जवळच्या प्रवासांत ती डोळ्यांत भरते. दिल्लीचें विमान लंडनच्या विमानाहून मंद भासतें तें यामुळें.

वारा हा तिसरा धनी. हिवाळ्यांत उत्तर हिंदुस्थानावरून, तीस-चाळीस हजार फुटांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. ताशीं शंभर-दीडशें किलोमीटर ही त्याची सामान्य चाल, कधीं याहूनही अधिक. प्रवाहांतील होडीचीं उदाहरणें सर्वांनीं शाळेंत सोडविलीं आहेत. हें त्यांचेंच आकाशांतील रूप. मुंबईपासून कलकत्ता सुमारें १,६६० किलोमीटर. वारा नसतां ताशीं ८३० च्या वेगानें जाण्यास दोन तास व येण्यास दोन तास, एकूण चार. आतां वाटेंत ताशीं शंभराचा पश्चिम वारा धरा. जातांना वेग ९३०, वेळ १ तास ४७ मिनिटें. येतांना वेग ७३०, वेळ २ तास १६ मिनिटें. पुष्कळांची समजूत असते कीं जातांना मिळालें तें येतांना गेलें, एकंदरींत हिशेब सारखा. तो सारखा नाहीं. बेरीज चार तासांहून तीन-साडेतीन मिनिटें अधिक भरते. कारण उघड आहे : अनुकूल वारा थोडा वेळ लाभतो, प्रतिकूल वारा जास्त वेळ सोसावा लागतो. वाऱ्याचें देणें घेण्याहून नेहमीं जरा जास्तच असतें. लंडनला जातांना साडेनऊ-दहा तास व येतांना नऊच्या आसपास, हा फरकही मुख्यतः वाऱ्याचाच.

आणि म्हणून इंधनाचा हिशेब मैलांवर करीत नाहींत, वेळेवर करतात. ज्या गांवीं जावयाचें तेथपर्यंतचें इंधन. वारा वा वळसा वाढल्यास कांहीं टक्के वर. तें विमानतळ धुक्यानें वा पावसानें बंद असल्यास दुसऱ्या गांवीं जाण्यापुरतें आणखी. आणि त्या सर्वांवर, तेथेंही लगेच उतरतां आलें नाहीं तर अर्धा तास घिरट्या घालण्यापुरतें. मुंबईस येणाऱ्या विमानास आषाढांतील धारांत उतरतां येईना तर तें अहमदाबादेस किंवा हैदराबादेस जाऊं शकेल, इतकी बेगमी त्याच्या टांकींत असावीच लागते. विमान परतवलें म्हणून उतारू चिडतात, हें स्वाभाविक आहे. पण वैमानिकानें तसें करण्याचें ठरविलें तेव्हां त्याच्यासमोर मैल नसतात, मिनिटें असतात. त्यांत जास्तीचें इंधन हें स्वतःच एक ओझें; तें वाहून नेण्यासाठींही इंधन जळतें. वळसा वाढला कीं तिकीट वाढतें, किंवा उतारू व माल कमी घ्यावा लागतो, याचें मूळ येथें आहे.

घड्याळाचा घोटाळा तेवढा राहिला. लंडनचें घड्याळ हिवाळ्यांत आपल्या मागें साडेपांच तास असतें, उन्हाळ्यांत साडेचार. समजा, हिवाळ्यांत रे रोडच्या एखाद्या घरची कन्या पहांटे ५ वाजतां मुंबईहून निघाली व दहा तासांनीं लंडनला उतरली. तेथें सकाळचे साडेनऊ झालेले असतात. घरच्या आजीबाईंना वाटावें, पोर साडेचार तासांतच पोंचली! तीच परत येतांना तेथून सकाळीं १० वाजतां निघाली व नऊ तासांनीं उतरली, तर येथें मध्यरात्र उलटून साडेबारा झालेले असतात. म्हणजे घड्याळावर साडेचौदा तास. यावर एक सोपी युक्ति आहे. जाण्याचे व येण्याचे घड्याळी तास मिळवून निम्मे करावेत : साडेचार अधिक साडेचौदा एकोणीस, निमपट साडेनऊ. घड्याळांतील फरक आपोआप छेदला जातो व प्रवासाची खरी सरासरी हातीं येते. आपल्या मुंबईला तर हा घोटाळा घरबसल्या परिचित होता. १९०६ पासून आगगाड्या हिंदी प्रमाणवेळेनें चालत, पण शहराचा आपला 'बाँबे टाइम' तिच्यामागें एकोणचाळीस मिनिटें होता, व तो १९५५ पर्यंत टिकून राहिला.

शेवटीं घरापासून विमानतळापर्यंतचें अंतर, जें कोणत्याही यंत्राच्या उत्तरांत धरलेलें नसतें. रे रोडपासून सांताक्रूझ विमानतळ सरळ रेघेनें सुमारें तेरा किलोमीटर, आणि २०२५ च्या डिसेंबरांत वाहतुकीस खुला झालेला नवी मुंबईचा विमानतळ, खाडीपलीकडे, सुमारें चोवीस. आंकड्यांवरून सांताक्रूझ जवळ. पण तेथें मोटारीनें जावयाचें तर सायंकाळीं दादर, शीव, कुर्ला यांची गर्दी भेदावी लागते. इकडे मात्र शेजारच्या शिवडीपासून २०२४ च्या जानेवारींत खुला झालेला साडेएकवीस किलोमीटरांहून लांब अटल सेतु थेट उरण-पनवेलच्या बाजूस नेऊन सोडतो. त्यामुळें कित्येक वेळां दुप्पट दूरचा विमानतळ वेळेनें बरोबरीस येतो. ज्यांना मोटार परवडत नाहीं व सामान बेताचें आहे, त्यांना सांताक्रूझच्या विमानतळासाठीं हार्बर मार्गाची वडाळ्यावरून अंधेरीकडे जाणारी गाडी आहेच, विलेपार्ल्यास उतरावें.

एका शहराला दोन विमानतळ झाले म्हणजे चुकामुकीचा संभव वाढतो. जुहू व सांताक्रूझ यांमध्यें चार किलोमीटरांचेंही अंतर नाहीं, आणि १९५३ सालीं विलायती कंपनीचें एक 'कॉमेट' जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आंखूड धांवपट्टीवर उतरलें. १९७२ सालीं एका जपानी विमानानेंही तीच चूक केली व तें धांवपट्टी संपून पुढें गेलें. नव्या विमानतळाबाबत वैमानिक चुकण्याचें भय नाहीं. उतारू मात्र चुकूं शकतो. तिकिटावर तीन अक्षरांची खूण असते ती घरून निघण्यापूर्वीं पाहावी : बी-ओ-एम म्हणजे सांताक्रूझ, एन-एम-आय म्हणजे नवी मुंबई. एका विमानानें एकीकडे उतरून दुसरें विमान दुसरीकडे धरावयाचें असेल तर दोहोंमध्यें आकाशांतून चोवीस किलोमीटर असले तरी रस्त्यानें त्याहून बरेच अधिक पडतात, व सामान घेणें आणि पुन्हां तपासणींतून जाणें धरून मध्यें चार-पांच तास राखून ठेवलेले बरे.